मुंगीचा निवाडा

सिहोऱ्याकडच्या त्या गावात धानाचे भारे बांधण्यात जनाबाईचा हात धरणारी बाई नव्हती. बोलण्यातही नव्हती. बांधावरून तिनं हाक मारली की पाटलाचे बैलसुद्धा थांबत, असं लोक गमतीनं म्हणत. अशी ही बाई कुणाच्या घरी बाळंतीण असली की मात्र मुकी व्हायची. दारातूनच विचारपूस करायची आणि परतायची. लेकरू मांडीवर घे म्हणून तिला कुणी म्हणत नसे, तीही घेत नसे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा थोरला, ताराचंद, झाला तेव्हा फार रडायचा. तेव्हा सासूनं तिचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी सोडली. जुन्या बायांची ती परीक्षाच होती. मुंगी तरली तर दूध चांगलं, मेली तर जहरी. मुंगी मेली. ताराचंद शेळीच्या दुधावर वाढला, पाठच्या दोन पोरीही तशाच वाढल्या. गाव मोठं मजेशीर असतं. जनाबाईनं बांधलेले भारे गाव विसरलं, ती मुंगी तेवढी विसरलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी झाली, धान कापणीला आलं आणि ताराचंदच्या बायकोला, शकुनला, मुलगी झाली. शकुनला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच केलं. पोरगी सुरुवातीला गुणाची होती. पंधरा-वीस दिवसांनी मात्र तिनं दिवेलागणीचा मुहूर्त धरला. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची, लालबुंद होऊन किंचाळायची. छातीशी धरली की दोन घोट प्यायची आणि तोंड सोडून पुन्हा रडायची. बेंबीभोवती हिंग लावला, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं घरातले सगळे खोकले, पोरगी रडतच राहिली.

जनाबाईची मोठी जाऊ पार्वताबाई कुडापलीकडे राहायची. ती आली, पोरीचं पोट चाचपलं आणि म्हणाली, मायचं दूध लागून राहिलं. तिनंच वाटी मागितली, शकुनला दूध काढायला लावलं, भिंतीवरची मुंगी चिमटीत धरून आत सोडली. मुंगीनं थोडे पाय मारले आणि ती निपचित पडली. पार्वताबाईनं वाटी सगळ्यांना दाखवली. आता शेळीचं दूध द्या, नाही मानवलं तर तुमसरला डब्याचं मिळतं, शेठलोकांची पोरं त्यावरच वाढतात, असा हुकूम करून ती गेली.

जनाबाई शेळीचं दूध काढायला उठली. ज्या परीक्षेत आपण नापास, तिथं बोलायला तोंड कुठलं? तिनं कापसाची वात करून पोरीच्या तोंडात शेळीचं दूध थेंबथेंब सोडलं. शकुन भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिची चोळी दुधानं भिजली होती. पाजणं थांबलं की दूध आटतं, हे जनाबाईला स्वतःच्या देहानं शिकवलं होतं. हाती फार वेळ नव्हता. सुनेचंही आपल्यासारखंच होणार, हे तिला दिसत होतं. पोरगी त्या संध्याकाळीही तितकीच रडली, वर सकाळीही रडायला लागली.

डब्याच्या दुधासाठी ताराचंद तुमसरची बस धरायला निघत होता. जनाबाई फडक्यातून शेळीचं दूध गाळत होती. भांडं उघडं राहिलं होतं, फडक्यावर चार-पाच मेलेल्या मुंग्या उरल्या. तिनं सवयीनं फडकं झटकलं आणि तिचा हात तसाच राहिला. लग्न झाल्यापासून ती शेळीच्या दुधातल्या मेलेल्या मुंग्या गाळत आली होती. त्या दुधाला जहरी कुणी म्हटलं नव्हतं, आणि तिच्याही कधी मनात आलं नव्हतं.

तिनं ताराचंदला थांबवलं आणि पार्वताबाईला बोलावलं. येताना आपल्या म्हशीचं वाटीभर दूध घेऊन या, असा निरोप दिला. त्या म्हशीच्या दुधाचं कौतुक पार्वताबाई उठताबसता करायची. ओट्यावर तीन वाट्या मांडल्या गेल्या. एकीत शेळीचं दूध, दुसरीत म्हशीचं, तिसरीत विहिरीचं पाणी. शेजारच्या बाया कामं टाकून आल्या. जनाबाईनं तिन्हींत एकेक मुंगी सोडली. शेळीच्या दुधातली मेली. म्हशीच्या दुधातली त्याच्याही आधी मेली. पाण्यातली जरा चिवट होती, पण तीही गेली.

"बाई," जनाबाई पार्वताबाईला म्हणाली, "तुमच्या म्हशीचं दूध आता गटारात टाकता का? अन् गावानं पाणी पेनं सोडून द्यावं का?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पार्वताबाई वाटी घेऊन उठली, दूध काही तिनं टाकलं नाही. जनाबाई आत गेली, शकुनला उठवून बसवलं आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली.

पोरगी लगेच गप्प झाली असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती दीड-दोन महिने तशीच रडली. पार्वताबाई कुडावरून विचारायची, काहून रडते मग? जनाबाई सांगायची, रडनं तिचं काम हाय, पाजनं आमचं. दिवेलागण झाली की ती पोरीला हातावर पालथी घ्यायची आणि अंगणात चकरा मारायची. दिवसभर भारे बांधलेले ते हात दुखायचे, तरी ती पोरीला खाली ठेवत नसे. शकुन पाजत राहिली. थंडी सरता सरता रडणं आपोआप कमी झालं, आणि पोरगी अशी बाळसेदार झाली की बघणाऱ्यानं आधी तिच्या मांड्यांकडेच बघावं.

एका संध्याकाळी दिवा लागला तरी घर शांत होतं. शकुन पोरीला पाजत बसली होती. ताराचंद वावरातून आला, पोरीकडे बघून हसला आणि आईला म्हणाला, "माय, तू होती म्हणून हे पोरगी मायचं दूध पिऊन राहिली."

जनाबाई चुलीपुढून उठली. मिशा फुटलेल्या त्या बाप्याच्या तोंडावरून तिनं हात फिरवला.

"तूबी पेला असता, ताराचंद. माह्या दुधात काहीच खोट नव्हती."

हे तिनं हळू सांगितलं नाही. कुडापलीकडे ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं सांगितलं.