धपाट्यांचा गाडा आणि फोटोतली बाई

दोन वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यात खाल्लेल्या धपाट्यांनी मला पुण्याहून पुन्हा ओढून नेलं. रेल्वेने परभणी, तिथून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कुरकुरीला जागा नाही. त्या तालुक्याच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

बसस्टँडसमोर कडुलिंबाखाली गाडा तोच होता, पण तव्यापाशी भलतीच बाई आणि धपाटा एका बाजूने करपलेला. ज्यांच्या हातचं खायला आले होते त्या सुमनबाई मागे बसून पीठ मळत होत्या.

"ह्या कौसाबाई. आधी टोपल्यात पेरू इकायच्या," त्या म्हणाल्या. "आता गाडा ह्यांच्या नावावर हाय."

झालं असं. गेल्या वर्षी फेरीवाल्यांचा सर्व्हे आला तेव्हा सुमनबाई लेकीच्या बाळंतपणाला पालमला होत्या. कुणी गावाला गेलं की त्याच्या जागेवर ओळखीच्याने बसायचं, म्हणजे ती कुणी बळकावत नाही, ही त्या रस्त्याची रीत. कौसाबाई बसल्या. सर्व्हेवाल्यांनी समोर दिसली तिचा फोटो काढला आणि विक्रीचं प्रमाणपत्र, म्हणजे फोटो लावलेलं कार्ड, कौसाबाईंच्या नावाने आलं. ते दुसऱ्याला देता येत नाही. गाड्यावर स्वतः नाहीतर घरच्यांनीच उभं राहायचं. सुमनबाईंना पुढच्या सर्व्हेपर्यंत थांबायला सांगितलंय.

"कराया गेले एक अन् झालं भलतंच," कौसाबाई म्हणाल्या. "मला तवा जमत न्हाई, पर मी उठले की गाडा जातोय."

तेवढ्यात अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली. सुमनबाईंनी पिठाचे हात पदरात लपवले आणि पुढे येऊन माझ्या शेजारी गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहिल्या. गाडी पुढे गेली तशा त्या पुन्हा पिठापाशी जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी वालूरला जाऊन बारव पाहिली. गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, जरूर बघा, पण सकाळीच जा. दुपारी दगड लय तापतो, असं तिथल्या म्हाताऱ्यांनी बजावलं आणि ते खरं निघालं.

परतीच्या सकाळी पुन्हा कडुलिंबाखाली गेले. कौसाबाई तापाने घरी पडल्या होत्या. सुमनबाईंनी धीर करून एकटीनेच गाडा लावला होता, आणि नेमकी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. त्यांनी कौसाबाईंचं कार्ड पुढे केलं.

"फोटोतली बाई कुठाय?" कर्मचाऱ्याने विचारलं.

"तापानं पडलीया."

मी मध्ये पडले. जागा यांचीच आहे, अख्ख्या रस्त्याला विचारा, म्हणाले.

"ताई, मला बी ठावं हाय. मी सोता हितंच खायचो," तो खाली बघत म्हणाला. "पर फोटो त्यांचा हाय."

फोटो तर माझ्याकडेही होता. दोन वर्षांपूर्वीचा, याच झाडाखाली सुमनबाई तव्यापाशी हसतायत. मी फोन काढला तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"नका दावू," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काय मिळायचं न्हाई, तिचं कार्ड बी जाईल."

गाडा उचलून नेला. सुमनबाई रिकाम्या जागेसमोर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथेच, बराच वेळ उभ्या होत्या. माझी एसटी आली आणि मी निघाले.

घरी आल्यापासून मला राग येतोय आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. फेरीवाल्यांना कुणी हुसकावू नये म्हणूनच तर सर्व्हेचा आणि प्रमाणपत्राचा हा कायदा केला. वाचकांनो, धपाटे कुठे खायचे ते मी सांगू शकत नाही. प्रवासाच्या पोस्टला फोटो लागतो, हेही मला माहीत आहे. माझ्याकडे तो आहे, आणि मी तो लावलेला नाही.