देवीच्या ठाण्यावरचा थांबा

नव्वदच्या दशकात मी जत भागात शाळामास्तर होतो. तिथली माणसं टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावून बसायची. सुट्टीत मी जावळीतल्या घरी यायचो, तर दारात धरणाचं एवढं पाणी की नजर पोचू नये. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव आहे. नवं गाव पलीकडच्या उतारावर चिकटून बसलेलं. दवाखाना, बाजार, एसटी सगळं अलीकडच्या काठाला. मधे वडिलांची लाँच.

सीझनला वडील त्याच लाँचमधून महाबळेश्वरकडून आलेल्या पर्यटकांना फिरवायचे. मला ती माणसं कधीच आवडली नाहीत. टेप लावून नाचायचे, बाटल्या पाण्यात भिरकावायचे आणि आम्हालाच विचारायचे, इथं बघण्यासारखं काय आहे? त्यामुळे अभयारण्यात येणाऱ्या या पाण्यात धंद्याचा नौकाविहार बंद, फक्त गावकऱ्यांची ने-आण करायची, असा सरकारी हुकूम आला तेव्हा मी मनातून खूश झालो. वडिलांची कमाई बुडाली, पण तेही फार कुरकुरले नाहीत. गाव बुडालेलं बघितलेल्या माणसाला बाकीचं बुडणं किरकोळ वाटत असावं.

आमच्याकडे एक रीत होती. धरण भरताना देवीची मूर्ती वर आणून नव्या देवळात बसवली, पण जुन्या बायकांच्या मते देवीचं ठाणं खालीच राहिलं होतं. त्या जागेवर लाँच आली की वडील इंजिन बंद करायचे. बायका चिमूटभर हळदकुंकू पाण्यात सोडायच्या. इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, अगदी रडणारं पोरही छातीशी धरून गप्प करायचं. माझ्या आईचं माहेर त्याच बुडालेल्या आळीतलं. तिच्या कनवटीला हळदकुंकवाची पुडी नसली तर ती लाँचमध्ये पाय ठेवत नसे.

हुकूम आल्यावरही वडील थांबत राहिले. ही रीत म्हणजे कुणाला करमणूक वाटेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एके दिवशी एका घरचे मुंबईचे पाहुणे लाँचमध्ये होते, गळ्यात कॅमेरा अडकवून. त्याच फेरीला तपासणीला आलेले वनखात्याचे एक साहेबही बसले होते. ठाण्यावर इंजिन बंद झालं, एका पाहुण्यानं फोटो काढला. साहेबांनी विचारलं, का थांबलात? रिवाजाप्रमाणे कुणीच तोंड उघडलं नाही. साहेबांना वाटलं, चोरी सापडली म्हणून सगळे गप्प आहेत. पर्यटकांना बुडीत देऊळ दाखवतात, असा शेरा पडला आणि लाँचला साखळी लागली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

आईच्या हृदयाची झडप त्या वर्षी पार बिघडली होती. पाय सुजायचे, दम लागायचा, आठवड्याला साताऱ्याला न्यावं लागायचं. लाँच बंद झाल्यावर तिला घोंगडीच्या डोलीत घालून डोंगराच्या कडेनं अलीकडे आणावं लागलं. मी रजा काढून आलो होतो, एका बाजूला खांदा दिला होता. वाटेत ती कण्हली नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. खाली पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन मेढ्याला त्याच साहेबांच्या कचेरीत गेले.

"साहेब, देवीचं ठाणं हाय तितं. म्हणून थांबतोय. कुणाला काय दावाया न्हाई," वडील म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"मला पटतं हो," तो म्हणाला. "पण आज तुमच्या देवीसाठी थांबा दिला, तर उद्या हॉटेलवाल्यांच्या बोटी देवी शोधत येतील."

मला संताप आला, कारण तो बोलत होता ते खरं होतं. मधे कुठेही थांबणार नाही, असं वडिलांनी लिहून दिलं आणि साखळी निघाली.

आईला हे कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"आवं, मी आज हाय, उद्या न्हाई," ती म्हणाली. "माझ्यापायी कशाला सही केलीसा?"

त्यानंतर लाँच ठाण्यावरून सरळ जायला लागली. बायका घाईघाईनं हळदकुंकू टाकायच्या, अर्धं लाँचच्या कडेवरच सांडायचं. आई मात्र हात जोडायची आणि डोळे मिटून घ्यायची. पावसाळा संपता संपता ती साताऱ्याच्या दवाखान्यातच गेली.

राख ठाण्यावर सोडायची, हे तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सावडून आम्ही निघालो. मडकं माझ्या मांडीवर होतं. त्या फेरीला वनखात्याचा गार्डही होता, आमच्याच खोऱ्यातला. ठाणं जवळ आलं तसा तो उठला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"थांबवा आबा," तो म्हणाला. "मी काय बगत न्हाई."

वडिलांनी त्याच्या पाठीकडे बघितलं.

"आज तू बगत न्हाईस. उद्या दुसरा बगंल. मग कुणाच्या आईला डोलीतनं न्यायची?"

मी म्हटलं, आबा, एकदाच. त्यांनी मान हलवली. इंजिन चालूच राहिलं. मी लाँचच्या कडेला वाकून मडकं उपडं केलं. समोरून वारा होता. थोडी राख पाण्यात पडली, बाकीची उलटी आत आली. गार्डच्या खाकी पाठीवर, बायकांच्या पदरांवर, माझ्या डोळ्यांत. वडिलांच्या ओठांवर, मिशांवर बसली. पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांनी त्यांनी सुकाणू धरलं होतं.