केळीवाल्या सुनंदाबाईंची साखर

भडगावच्या बसस्टँडसमोर सुनंदाबाई एकवीस वर्षं पिकली केळी विकतात. दुसऱ्याचा काटा असो की डॉक्टरचं बोलणं, त्यांचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात स्टँडवर फुकट तपासणीचं शिबिर लागलं. टाय लावलेल्या एका पोराने बाईंच्या बोटाला सुई टोचली, यंत्रात सरकवलेल्या पट्टीला रक्ताचा थेंब लावला. आकडा आला तीनशे बारा.

"डायबिटीस आहे, मावशी. ही पावडर सुरू करा."

"तुनं मशीन खोटं बोलस," म्हणत बाई गाडीवर परतल्या.

पण चैन पडेना. शेजारच्या लताबाईंनाही साखर निघाली, पलीकडच्या पुनालाही. दोघंही केळीवालेच. बांगड्या विकणाऱ्या रूपालीला मात्र काहीच नाही.

"बठ्ठा केळीवाल्यासलेच साखर कशी?" सगळे केळीवालेच कसे सापडले, असं बाईंनी घरी विचारलं. शिंपीकाम करणारा नवरा रुपचंद शिलाई मशीन चालवत राहिला. पोराने पावडर खपवायला आकडेच बनवले असणार, असं बाईंनी धरलं. साक्षीला हवा म्हणून नवऱ्याला घेऊन त्या दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेल्या.

तिथल्या नर्स हेमलताताईंनी तसलंच यंत्र काढलं. बाईंनी हात मागे घेतला आणि केळीवाल्यांच्याच साखरेचा किस्सा सांगितला.

"अक्का, आधी साबणाने हात धुऊन या," ताई म्हणाल्या. "बोटाला केळीचा गर लागलेला असतो. पट्टीवरच्या औषधाला साखर भेटली की बारीकशी वीज तयार होते. यंत्र तीच मोजतं. साखर रक्तातली की केळीतली, ते त्याला कळत नाही."

हात धुतल्यावर आकडा आला एकशे आठ. तरी बाईंचं समाधान होईना. त्यांनी पिशवीतून एक केळं काढून सोललं आणि तसंच बोट पुढे केलं. दोनशे सत्त्याण्णव! बाई मोठ्याने हसल्या.

"आता यांचं बघा," त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

रुपचंदने हात धुतले. दोनशे शहाऐंशी.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी त्याला नळापाशी नेलं, एकेक बोट स्वतः घासलं, पदराने कोरडं केलं. तरी दोनशे एक्क्याऐंशी.

ताईंनी त्याच्या हाताच्या शिरेतून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. तेव्हा कुठे तो बोलला. सहा महिन्यांपासून घसा सुकायचा, मशीनवर बसलं की पायाला मुंग्या यायच्या; दवाखान्याच्या भीतीने त्याने सांगितलं नव्हतं. "तुले सांगतू, ते तू दवाखानामा ओढी लयती," तो खाली बघत म्हणाला. साऱ्या गावावर संशय घेणाऱ्या बाईंना घरातल्या माणसाचा कधी संशय आला नव्हता.

रक्ताच्या अहवालातही साखर वाढलेलीच निघाली. रुपचंदच्या गोळ्या सुरू झाल्या. लताबाई हात धुऊन तपासून आल्या. त्यांना काही नव्हतं. पुना अजून ती पावडरच घेतो. सरकारी यंत्र खोटं असणार, असं त्याचं म्हणणं आहे.