आत्याने आखलेलं लग्न

माझी आत्या इस्पितळात एक्स-रे काढायची. "श्वास रोखा… सोडा" हे दिवसभर म्हणून घरी आली की आम्हालाही त्याच सुरात दरडावायची. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा तिने नोकरी धरली आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, वाढवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "बघू" म्हणायची. बघता बघता केस पिकले, आणि मग इस्पितळाची लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या एका विधुर मेकॅनिकशी तिचं जुळलं. आम्ही त्यांना लिफ्टकाका म्हणायचो.

दोघांचाही देवाधर्मावर विश्वास नव्हता. "ज्या शब्दांचा अर्थ मला लागत नाही, ते म्हणून मी कोणाची बायको होणार नाही," आत्याने ठणकावलं. मग आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बेत ठरला. इस्पितळाच्या कॅन्टीनमागचा हॉल, गोलात मांडलेल्या खुर्च्या. जवळच्या प्रत्येकाने उभं राहून मनातलं बोलायचं. सगळ्यांत शेवटी बाबा. त्यांचं बोलणं संपलं की लग्न लागलं.

"तुझ्याशिवाय माझं लग्नच लागणार नाही बघ!" ती कौतुकाने बाबांना म्हणाली.

बाबा कसंनुसं हसले. "नेहमीच्या पद्धतीने केलंस तर?"

"का? लोक काय म्हणतील म्हणून?"

"तसं समज."

"तूसुद्धा त्यांच्यातलाच निघालास!" आत्या तडकून निघून गेली.

खरं कारण आईला ठाऊक होतं. चारचौघांत बाबांच्या तोंडून शब्द फुटत नसे. दुकानात ते अडखळले की दुकानदारच वाक्य पुरं करायचे, म्हणून ते नुसतं वस्तूकडे बोट दाखवायचे. नकाशे काढायची नोकरीसुद्धा त्यांनी मान खाली घालून करता येते म्हणून पत्करली होती. फक्त आत्याशी बोलताना ते कधी अडखळले नाहीत. त्यामुळे त्यांचं लहानपणीचं तोतरेपण कधीच गेलं, असं ती धरून चालली होती.

"सांगून टाका की तिला," आई म्हणाली.

"इतक्या हौसेने ठरवलंय तिने. नको."

लग्नाच्या दिवशी बाबा आमच्याबरोबर हॉलच्या फाटकापर्यंत आले. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," म्हणाले. आत एकेक जण बोलत गेला. लोक हसले, डोळे पुसले. बाबांची पाळी आली तेव्हा सगळे दाराकडे बघू लागले. "येईल तो," आत्या म्हणत राहिली. जेवण निवायला लागलं. शेवटी लिफ्टकाका घसा खाकरत उठले. "लग्न लागलं असं समजू या." तुरळक टाळ्या पडल्या. बाबा केव्हाच चालत घरी गेले होते.

पुढे आईने आत्याला सगळं सांगितलं. ती कामावरच्या कोटातच धावत आली.

"अरे, बोलायचंस ना! नुसता माझा हात धरून मला आत आणलं असतंस, तरी पुष्कळ होतं."

"म… मला त… तेच…" बाबा अडकले. तिच्यासमोर, पहिल्यांदाच.

"तेच हवं होतं ना तुला?" आत्याने घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं केलं. दुकानदार करायचे तसं. बाबांनी नुसती मान हलवली.

आत्याचा संसार चांगला झाला. लिफ्टकाका जीव लावणारे निघाले. भाऊ-बहीण भेटत राहिले, पण बाबा तिच्याशीही आता हो-नाहीपुरतंच बोलायचे. तिने पुष्कळ वाट पाहिली. कधी तासभर त्यांच्याशेजारी नुसती बसायची, मधे एक शब्दही न घालता. तरी ते मोकळे झाले नाहीत. आणि असेच, फारसं न बोलता, हृदयविकाराने गेले.

त्यानंतर एकदा मला डाळिंबाचे दाणे काढून देताना आत्याने विचारलं, "माझ्या लग्नाला निघताना त्याने काय घातलं होतं?"

"निळा सदरा. आईला हात लावू दिला नाही, इस्त्री स्वतः केली."

"निळा त्याला कधीच शोभला नाही," आत्या म्हणाली, आणि रडू लागली.