सकाळी सातची हजेरी

पोलिसात असताना खून पाहिले, दंगली पाहिल्या. तरी आज इतक्या वर्षांनी सकाळचा चहा घेताना हटकून आठवते ती एक किरकोळ पितळचोरी. नावे कोणाचीच देत नाही. त्यातल्या काहींची मुले-नातवंडे अजून लालबाग-परळमध्ये राहतात आणि त्यांना मान खाली घालायला लावण्यात मला रस नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. आज सभा, उद्या मोर्चा. आमच्या ठाण्यातली निम्मी माणसे कायम बंदोबस्ताला. मी नवा फौजदार, अंगात रग भरपूर आणि अक्कल बेताची. आमच्या हद्दीत एक मालवणकडचा माणूस राहत होता, त्याला आपण विणकर म्हणू. घरफोडीत शिक्षा झालेला. तुरुंगात तो हातमाग शिकला आणि तिथेच चौथीपर्यंतची पुस्तकेही वाचून काढली. वर्तणूक चांगली म्हणून दीड वर्ष शिल्लक असताना त्याला अटीवर सोडले होते. रोज आमच्या ठाण्यात हजेरी द्यायची. अट मोडली तर ते दीड वर्ष पुन्हा आत. हजेरीची वेळ सकाळी सात ते साडेसात. तिथे येणारे बाकीचे बहुतेक अंगठेवाले, त्यामुळे रजिस्टरमधली त्याची ठसठशीत, रेघेवर नीट बसवलेली सही माझ्या ध्यानात होती.

एके दिवशी जवळच्या गिरणीच्या गोदामातून पितळेचे सुटे भाग गेल्याची फिर्याद आली. माल सकाळी सात ते आठच्या दरम्यान हलला होता. दुपारी गोदामावरचा पहारेकरी आपणहून मला भेटायला आला. आवाज खाली आणून त्याने सांगितले की तुमचा तो जेलवाला सकाळी सातच्या आधी गिरणीत शिरला आणि आठच्या सुमारास मागच्या फाटकातून बोचके घेऊन गेला. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मला आनंद झाला, हे कबूल करतो. संशयित घरचाच होता आणि शोधायला कुठे जायचे नव्हते.

रजिस्टर उघडले तर त्या सकाळी विणकर ठाण्यात हजर! मात्र नावापुढे सही नव्हती, अंगठा होता. मागची पाने चाळली. गेल्या महिन्याभरात मधूनमधून असेच अंगठे. आमचा नेहमीचा हवालदार बंदोबस्तावर होता. त्याच्या जागी रोज नवा शिपाई बसायचा, नाव पुकारायचा आणि ‘हजर’ ऐकले की रजिस्टर पुढे सरकवायचा. तोंडाकडे बघायला त्याला सवड नव्हती. म्हणजे कोणीतरी विणकराच्या नावावर येऊन अंगठा देऊन जात होते, आणि विणकर त्या वेळी दुसरीकडे होता.

त्याला आणले. आधी एका कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. त्याने ती नेहमीसारखी सावकाश, जपून केली. मग मी अंगठ्यांचे पान त्याच्यापुढे धरले. त्याचा चेहरा उतरला, पण तोंड उघडेना. मी दटावले, टेबलावर हात आपटला, दीड वर्षाची आठवण दिली. दोन तास तो एकच सांगत होता, की चोरी त्याची नाही. अंगठा कोणाचा, सकाळी कुठे होतास, यावर गप्प. गुन्हेगार गप्प बसतात ते स्वतःला वाचवायला. याच्या गप्प बसण्यात काहीतरी वेगळे होते, ते मला कळत होते आणि त्याचाच राग येत होता.

अंगझडतीत त्याच्या बनियनच्या आतल्या खिशात एक घडी घातलेले कार्ड निघाले. गिरणीचे बदली कामगाराचे कार्ड. गिरणगावात नव्या माणसाला कायमची जागा एकदम मिळत नसे. पहाटे कार्ड घेऊन फाटकाशी उभे राहायचे. पाळी सुरू होताना कोणी गैरहजर दिसला तर मुकादम त्याच्या जागी बदलीवाला घ्यायचा आणि त्या दिवसाचा शिक्का कार्डावर मारायचा. असे शिक्के साठत गेले तरच पुढे कायम होण्याची आशा. पाळी सातची. मी कार्ड आणि रजिस्टर शेजारी ठेवले. ज्या ज्या दिवशी अंगठा, त्या त्या दिवशी कार्डावर शिक्का. चोरीच्या दिवशीही होता. पहारेकऱ्याने त्याला गिरणीत शिरताना खरेच पाहिले होते. पण तिथून तो सरळ साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला होता आणि दुपारपर्यंत हलला नव्हता. संध्याकाळी मी मुकादमाला विचारून खात्रीही करून घेतली.

सुटका खिशात असताना हा बाबा दोन तास माझ्या शिव्या खात होता. का, ते विचारले तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. “साहेब, माका आत टाका. पण मामाक बोलावू नकात.”

मामा म्हणजे गिरणीतून निवृत्त झालेला म्हातारा. भाच्याला बदली मिळाली की हा टोपी घालून ठाण्यात यायचा आणि त्याच्या नावावर ‘हजर’ म्हणायचा. लिहिता येत नव्हते, म्हणून अंगठा. ज्या दिवशी बदली मिळायची नाही, त्या दिवशी विणकर धावत ठाण्यात येऊन स्वतः सही करायचा.

“एक माणूस सात वाजता दोन ठिकाणी कसो उभो रवतलो, साहेब?” तो म्हणाला.

मग मी पहारेकऱ्याला बोलावून दुपारीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. बोचके घेऊन जाताना पाहिलेस, तर अडवले का नाहीस? थोड्याच वेळात त्याने कबुली दिली. पितळ त्यानेच एका भंगारवाल्याकडे पोचवले होते. जेलवाल्याचे नाव सांगितले की पोलीस पुढे बघत नाहीत, हा त्याचा हिशोब होता, आणि अर्धा दिवस तरी मी तो बरोबर ठरवला. त्याची मला आजही लाज वाटते.

चोरी उलगडली, पण अट मोडली होती आणि ते दडपणे मला शक्य नव्हते. मी सुटकेचा मूळ आदेश काढून वाचला. त्यात लिहिले होते, ‘दररोज एक वेळ’. सातचा उल्लेखच नाही! सात ही वेळ आमची. आठला पहारा बदलायचा, त्याआधी हजेरी उरकलेली बरी, एवढ्यासाठी कोणीतरी कधीतरी ठरवलेली. मी अहवालात सगळे लिहिले: अंगठे, कार्ड, मामा, आणि ठाण्याची चूकही. शेवटी विनंती केली की हजेरी संध्याकाळी सहाला घ्यावी.

वरिष्ठांनी अहवाल माझ्यापुढे टाकला आणि विचारले, “तू फौजदार आहेस की गिरणीचा मुकादम?” मी म्हणालो की त्याला पुन्हा आत पाठवायचे असेल तर ठाण्याची चूकही अहवालासोबत वर जाईल, कारण मी ती खोडणार नाही. त्यांनी अहवाल पुन्हा उचलला आणि माझी विनंती मान्य केली. मग मामाला समज देऊन सोडले आणि वेळ सहाची झाली. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी ‘हट्टी’ असा शेरा पडला. तो मी आनंदाने घेतला.

विणकर उरलेली मुदत संपेपर्यंत रोज केसांत कापसाची पिंज घेऊन सहाला यायचा आणि सावकाश सही करायचा. तुरुंगाने त्याला हुन्नर दिला होता, अक्षर दिले होते, मुकादमाने साचा दिला होता. या सगळ्यावर पाणी पडणार होते ते आमच्या सोयीच्या अर्ध्या तासाने. कायदा मी पुस्तकातून शिकलो. आपली सोय कायद्याच्या नावावर खपवू नये, हे त्या रजिस्टरने शिकवले.

सुटून आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, कुठे राहतोस? त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे मी आधी विचारू लागलो, कामावर किती वाजता जातोस? बहुतेकांकडे उत्तर नसायचे. मग मी हजेरीची वेळ कोरी ठेवायचो आणि सांगायचो, “आधी काम शोध. मग वेळ लिहू.”