मोनिकाच्या कॉलेजासाठी दोन दाढा

पुंडलिकनगरच्या सातव्या गल्लीत आशाबाईंचा शिवणक्लास आहे. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून चारेकशे पोरी गेल्या. त्यातल्या साठेक खरोखर ब्लाऊज शिवतात, बाकीच्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं आहे. हे आशाबाई कोणालाही तोंडावर सांगतात, त्यामुळे क्लासची जाहिरात दुसऱ्यांना करावी लागते.

यंदा त्यांच्या लेकीला, मोनिकाला, नीटमध्ये असे मार्क पडले, की एमबीबीएसचं नाव काढायची सोय राहिली नाही आणि सरकारी डेंटल अकरा मार्कांनी हुकलं. मग खासगी कॉलेजं आली. मोनिका ज्या गटात बसत होती त्यातल्या मुलींची फी सरकार भरणार होतं, म्हणजे घरात पैशावरून भांडायला जागाच नव्हती. घराला भांडणासाठी दुसरा विषय शोधावा लागला, आणि तो लगेच सापडला: पसंतीक्रमाच्या फॉर्मवर पहिलं नाव कुठल्या कॉलेजचं टाकायचं? मार्कांवरून दोनच ठिकाणी नंबर लागेलसं दिसत होतं. एक शहराबाहेर हायवेवरचं, नवंकोरं, घरापासून पाऊण तासावर. दुसरं परजिल्ह्यातलं, जुनं, एसटीनं चार तासांचं. फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पक्का करायचा होता आणि एकदा पक्का केला की बदलता येत नव्हता.

आशाबाईंचे धाकटे दीर इंद्रजीत जिल्हा परिषदेत आहेत. पोराला इंजिनिअरिंगला घातल्यापासून ॲडमिशन या विषयातलं त्यांना सगळं कळतं.

"वहिनी, ते हायवेवरचं म्हणजे एअरपोर्ट आहे एअरपोर्ट. लिफ्टमध्ये गाणी लागतात."

"दात लिफ्टमध्ये काढतात का, भाऊजी?"

आशाबाईंचे यजमान कडूबा वाळूजच्या कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "पोरगी घरून जाऊन-येऊन करंल, संध्याकाळी डोळ्यासमोर दिसंल." हे वाक्य त्यांनी आठवडाभर जसंच्या तसं वापरलं. ते खोडून काढणं कोणाला जमलं नाही. मोनिकाची मैत्रीण मेघा हायवेवरच्याच कॉलेजला निघाली होती आणि दोघींनी कॉलेजच्या बसमधली सीटसुद्धा मनात धरून ठेवली होती.

म्हणजे तिघं एकीकडे. आशाबाई अजून कुठेच नव्हत्या. क्लाससाठी शिलाई मशीन घ्यायची झाली, तरी त्या दुकानात बसून एक बाही शिवून बघतात, दुकानदार कितीही हात जोडून उभा राहिला तरी. इथं तर पोरीची पाच वर्षं होती.

"मी बघून येते," त्या म्हणाल्या.

"मी फोन लावतो, ते आईवडिलांना फिरवून दाखवतात," इंद्रजीत म्हणाले.

"आईबापाला ऑफिस दाखवतात, भाऊजी. पेशंटला कॉलेज दिसतं."

आशाबाईंच्या दोन दाढा वर्षभरापासून कुरकुरत होत्या. क्लासच्या गडबडीत त्यांच्याकडे बघायला सवड झाली नव्हती. आता दोन दाढा आणि दोन कॉलेजं, असा मेळ जमला. मुलीचं नाव काढायचं नाही, केसपेपर काढायचा आणि तोंड उघडून बसायचं.

मंगळवारी त्या हायवेवरच्या कॉलेजात गेल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून इंद्रजीतही सोबत होते. इमारत खरोखरच बघण्यासारखी होती. पण आशाबाईंचं लक्ष फरशीकडे नव्हतं, माणसांकडे होतं. शिकाऊ पोरीच्या हाताखाली किती कापड जातं यावर तिचा हात बसतो, तसंच दातांचंही असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि बघतात तो हॉल गच्च भरलेला. खुर्च्या पुरत नव्हत्या. बाया, म्हातारेकोतारे, प्रत्येकाच्या हातात टोकन.

"भाऊजी, तुमचं खरं निघालं," आशाबाई म्हणाल्या. वहिनींच्या तोंडून हे वाक्य वीस वर्षांत पहिल्यांदाच आल्यामुळे इंद्रजीत जरा गोंधळले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हाक आली. "आशे? तू पण आली व्हय? कोणत्या गाडीत होतीस?"

पिशोरचे धोंडिबा नाना. आशाबाईंचं माहेर पिशोर, आणि नाना त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ.

"कोणती गाडी, नाना?"

"आपल्याकडून तीन जीपा आल्यात. सकाळी सातलाच निघालो."

आशाबाईंनी हॉलवर पुन्हा नजर फिरवली. दुसऱ्या रांगेत त्यांच्या भावकीतल्या चार बाया होत्या. त्यातल्या एकीनं लाजून पदर सारखा केला.

"एवढ्या माणसांचे दात एकाच दिवशी दुखायला लागले?"

"दुखत कुणाचेच नाय. कालिजाची तपासणी हाय म्हणं. दिल्लीचे साहेब आलेत. गाडी फुकट, जेवण फुकट. बुंदी हाय म्हणत्यात."

"पण नाना, तुमच्या तोंडात तर एक दात नाय."

"म्हणून तर पुढं बसवलं," नाना समाधानानं म्हणाले. "माझं लवकर उरकतं. मागच्या साली पण आलतो."

इंद्रजीत त्या वेळी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचना वाचत होते. त्यांनी ती दोनदा वाचली.

आशाबाईंचा नंबर आला. खुर्चीच्या डोक्याकडचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. भोवती आठ विद्यार्थी वह्या घेऊन उभे राहिले आणि मोठ्या सरांनी जातीनं येऊन दाढ भरली. काम उत्तम झालं. ती दाढ आजतागायत दुखलेली नाही. आशाबाई स्वतः हे सांगतात, कारण चांगल्या शिवणीला त्या नावं ठेवत नाहीत. फक्त उठताना त्यांनी शेजारच्या पोरीला विचारलं, "तू भरलीस का अशी कधी?"

"मॉडेलवर भरलीय, आंटी."

"कितव्या वर्षाला आहेस?"

"शेवटच्या."

बाहेर आल्यावर इंद्रजीतना धीर आला. "काही म्हणा, वहिनी, दाढ एक नंबर भरली. मग झालं तर!"

"सरांना ॲडमिशन घ्यायची असती, तर मी इथंच घेतली असती, भाऊजी."

गुरुवारी पहाटेच्या एसटीनं त्या एकट्याच निघाल्या. जुन्या कॉलेजची लिफ्ट बंद होती, आणि ती कधी चालू होती हे सांगू शकेल असं कोणी भेटलं नाही. केसपेपरच्या रांगेत एक तास गेला, बाकावर दोन. पण बाकावरची माणसं खरी होती. कोणाचा गाल सुजलेला, कोणी रुमाल धरून बसलेलं. एक आजी कवळी टोचते म्हणून डॉक्टरणीला नावानिशी शोधत आली होती. "ती गावाला गेली काय? माझं तोंड तिलाच ठावं हाय." आशाबाईंनी ते ऐकून ठेवलं.

त्यांची दाढ काढायला जी पोरगी आली तिचं नाव दीपमाला, गंगापूरची, इंटर्नशिप करणारी. तिनं इंजेक्शन दिलं, चिमटा लावला, जोर दिला आणि दाढेचा वरचा भाग कट्कन तुटून हातात आला. मूळ आतच राहिलं.

दीपमालाच्या कपाळाला घाम आला. तोंड उघडं टाकून पडलेल्या आशाबाईंना वरचा पंखा तेवढा दिसत होता, आणि दीपमालाच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या सरांची हनुवटी. आता सर पोरीला बाजूला करणार, असं त्या धरून चालल्या होत्या. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"घाई नको. कुठं अडकलंय ते आधी बघ," सर म्हणाले. थोड्या वेळानं, "तिथं नाही. आतल्या बाजूनं." मग बराच वेळ काहीच नाही.

शिकाऊ पोरगी गिऱ्हाइकाच्या पैठणीला कात्री लावते, तेव्हा बाजूला उभं राहून गप्प बसणं काय असतं, हे आशाबाईंना माहीत होतं. त्यांना स्वतःला ते शिकायला पंधरा वर्षं लागली होती. त्याआधीच्या पोरींच्या हातातलं कापड त्यांनी दर वेळी ओढून घेतलं आणि स्वतः कापलं. फ्रेमवाल्या बहुतेक त्याच काळातल्या. चाळीस मिनिटं झाली. इंजेक्शन परत द्यावं लागलं. जबडा अवघडून गेला. सर जागचे हलले नाहीत. मग मूळ निघालं. दीपमालानं ते ट्रेमध्ये ठेवलं आणि पहिल्यांदा श्वास सोडला.

"सॉरी मावशी, लई त्रास झाला तुम्हाला."

आशाबाईंच्या तोंडात कापूस होता. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर लिहिलं: "ही कितवी?"

"मोजल्या नाहीत. दोनशेच्या पुढं असतील. पण मूळ तुटलं की अजून मागं सर आहेत का बघते."

आशाबाईंनी खाली आणखी लिहिलं: "तुझा नंबर दे. माझी मुलगी आहे." आणि सुजत चाललेला गाल धरून त्या मुलींचं हॉस्टेल बघायला गेल्या. कापूस तोंडात ठेवूनच त्यांनी वॉचमनबाईशी अर्धा तास चर्चा केली. हातवाऱ्यांनी काय काय विचारता येतं, हे त्या दिवशी दोघींनाही कळलं.

रात्री आठला त्या घरात शिरल्या, तेव्हा इंद्रजीत चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बघा दादा, वहिनींचा गाल बघा! अशा कॉलेजात पोरीला घालायची?"

आशाबाईंना बोलवत नव्हतं. त्यांनी मापाची वही ओढली आणि लिहिलं: "मूळ तुटलं. पोरीनंच काढलं. सरांनी हात लावला नाही."

इंद्रजीतनी ते मोठ्यानं वाचलं. "घ्या! सरांनी हात लावला नाही! म्हणजे लक्षच नाही कोणाचं!"

आशाबाईंनी वही परत घेतली, खाली एकच शब्द लिहिला, "म्हणूनच", आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. इंद्रजीतनी वही उलटसुलट करून तो शब्द बघितला आणि चहा संपवला. कडूबा बायकोच्या गालाकडे बघत राहिले. त्यांनी गरम कपडा आणून दिला, आणि त्यांचं नेहमीचं वाक्य त्या दिवशी बोलून दाखवलं नाही.

मोनिकानं मात्र विचारलं. "मम्मी, किती दुखलं?"

आशाबाईंनी बोटांनी 'लई' दाखवलं आणि केसपेपरवरचा नंबर पुढे केला. मोनिका फोन घेऊन गच्चीवर गेली. तासाभरानं खाली आली ती गंभीर होऊन.

"ती म्हणाली, मेसमधलं जेवण खाण्यासारखं नसतं. पाणी दिवसाआड. पहिली दोन वर्षं नुसते मेणाचे दात कोरायचे, मग पेशंट. पहिली दाढ काढली त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली."

"मग?" कडूबांनी विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशी परत लाइनीत होती म्हणे. आता गंगापूरला स्वतःचा दवाखाना टाकणार आहे. मी विचारलं, भीती नाही वाटत? तर म्हणाली, कशाची?" मोनिकानं फोन खाली ठेवला. "मेघाला काय सांगू?"

आशाबाईंनी लिहिलं: "जे बघितलं ते."

शुक्रवारी सकाळी कडूबा ड्युटीला जाताना "बघा काय ते" एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. दुपारभर मोनिका लॅपटॉपसमोर बसून होती. मेघाशी बोलून झालं होतं. मेघा रडली नाही, पण तिनं बसमधली सीट दुसरीला देईन असं सांगितलं. चारच्या सुमारास मोनिकानं जुनं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, हायवेवरचं दुसऱ्या, आणि फॉर्म पक्का करायचं बटण दाबलं. ओटीपी मोबाइलवर पाठवला आहे, असं स्क्रीननं सांगितलं.

मोबाइल कडूबांचा. नोंदणीच्या वेळी घरातला मोठा माणूस म्हणून त्यांचाच नंबर दिला होता. आणि कंपनीत मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं.

आशाबाईंनी कंपनीच्या गेटला फोन लावला. सासरे गेले तेव्हा त्यांनी याच नंबरवर निरोप दिला होता. त्यामुळे सिक्युरिटीवाल्यानं आधी "कोण गेलं?" असंच विचारलं. "कोणी नाय. पोरीचा फॉर्म हाय," सुजलेल्या तोंडानं त्यांनी ठणकावलं. "पाच वाजेपर्यंत माणूस गेटवर पायजे."

चार पन्नासला कडूबांचा फोन आला. मोनिकानं ओटीपी पुन्हा मागवला.

"आला," कडूबा म्हणाले. मागून मशीनचे ठोके ऐकू येत होते. "पहिलं कोणतं टाकलं?"

"लांबचं," आशाबाई म्हणाल्या.

"मोनीनं टाकलं का तू?"

"मोनीनं."

"तिला दे."

"पप्पा, मीच टाकलं," मोनिका म्हणाली. "मला हातानं शिकायचंय."

"घरून जाऊन-येऊन झालं असतं."

"व्हय."

आशाबाईंनी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि त्या काही बोलल्या नाहीत. घड्याळात चार चोपन्न झाले होते.

"लिहून घे. चार. शून्य. सात. एक." कडूबा थांबले. "हॉस्टेलच्या दाराला कुलूप किती वाजता लागतं?"

मोनिकानं आईकडे बघितलं. आशाबाई फोनजवळ वाकल्या. "साडेसातला. बाई असती दारावर, वहीत सही घेती. मी बघून आले."

"बाथरूमला कड्या हायत का?"

"एका बाथरूमला नाय. सांगून आले."

"सांगितल्यानं काय व्हतंय." कडूबा पुन्हा थांबले. "दोन. नऊ."

मोनिकानं आकडे टाकले. चक्र फिरलं. फॉर्म पक्का झाल्याची हिरवी ओळ आली.

"झालं?"

"झालं, पप्पा."

"बरं. ॲडमिशनच्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन येतो. कडी मी बसवीन," कडूबा म्हणाले, आणि मोबाइल गेटवर जमा करून आत गेले.