सोवळ्यातली चांदी

डिचोलीच्या बाजारात गोकुळदास दातांत चांदी भरून देत असे. ही विद्या त्याने कोठे मिळवली याविषयी दोन हकिकती प्रचलित होत्या. दोन्ही त्यानेच सांगितलेल्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नसे. एकीत तो पोर्तुगीज दंतवैद्याचा उजवा हात होता. दुसरीत त्या वैद्यानेच त्याच्यापुढे हात टेकले होते. प्रत्यक्षात तेथे तो हत्यारे उकळून ठेवी, हे त्याची पत्नी प्रभावती जाणून होती. गोवामुक्तीनंतर वैद्य मायदेशी गेला, खुर्ची गोकुळदासाकडे आली, आणि खुर्चीबरोबर विद्याही आली असे त्याने गृहीत धरले.

चांदी वरून घासून घासून तो तिला आरशाची कळा आणी. सुर्ल्याचे खाणकामगार दुकानाबाहेर जबडे उघडून एकमेकांना ती दाखवत. आत ती दाताच्या भिंतींना घट्ट भिडली की नाही, याची मात्र त्याला पर्वा नव्हती. त्याला पर्वा सोवळ्याची. थुंकी म्हणजे उष्टे. थुंकीने भिजलेल्या कापसाचा स्पर्श त्याला वर्ज्य. म्हणून दात कापसाने कोरडा करण्याऐवजी तो रोग्याला चूळ भरायला लावी आणि त्या ओल्याचिंब, पण त्याच्या मते शुद्ध झालेल्या खड्ड्यात चांदी दाबी. मग कडेला फट राही, फटीतून ओल झिरपे आणि झळझळीत छपराखाली कीड सुखाने नांदे. रोगी कण्हत परतला की दोष त्याच्या पानसुपारीचा.

प्रभावती पान खात नसे. तरीही तिची उजवी दाढ त्याने दोनदा भरली आणि दोनदा ठणकली. डावीकडच्या दाढा त्यानेच उपटल्या होत्या. चावायला उरली होती ती एवढीच.

"फाल्यां काढून टाकूया," तो म्हणाला. "दाढच नासकी. चांदीत खोट नाही."

"ओल्या दाराक रंग धरता काय ओ?" प्रभावतीने विचारले.

बायकांनी रंगकामात पडू नये, असे त्याने सुनावले.

दाढ त्याच्या हाती पडण्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, बाजाराचे निमित्त करून ती म्हापशाच्या डॉक्टरकडे गेली. त्याने जुनी चांदी काढली, खालची काळी कीड खरवडली, गालाशी कापूस ठेवला, भिजला की बदलला, आणि दाढ ठणठणीत कोरडी झाल्यावरच भरली. आधीचे काम वरून मोठे देखणे होते, ते कोणाचे, असे त्याने विचारले. आमच्याच गावचे एक आहेत, एवढेच ती म्हणाली.

आता दाढ काढायला नको, असे तिने घरी येऊन सांगितले, तेव्हा गोकुळदासाने तिच्या तोंडात आरसा धरला. कळा नाही, असा निकाल दिला. मग दबक्या आवाजात विचारले, "उष्टा कापूस त्याने हाताने काढला?"

"चिमट्याने," प्रभावती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही उकळत होता, तसल्याच."

गोकुळदासाने तिला आधी न्हाऊन मगच चुलीपाशी जायला फर्मावले. ती न्हायलाही गेली नाही आणि चुलीपाशीही. त्या दिवशी जेवण त्यानेच रांधले, आणि तेही कच्चे राहिले.

दाढ पुन्हा ठणकली नाही. पुढे एकदा प्रभावती दुकानाच्या पायरीवर बसून पोदेराच्या भट्टीतले, बांगडीच्या आकाराच्या पावाचे कडक कांकण कुडुमकुडुम चावत होती. गाल धरून आलेला एक ट्रकवाला थबकला आणि दाढ कोणी भरली म्हणून विचारू लागला. तिने म्हापशाचे नाव सांगून तोंड उघडले.

"चमकत नाही," तो म्हणाला, आणि आत जाऊन गोकुळदासाच्या खुर्चीत बसला.

प्रभावतीने दुसरे कांकण उचलले.